तिकोन्यांची ऐकू येणारी परीक्षा

निरंजन तिकोने यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे आकुर्डीत भाव वाढायच्या आधी घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि दुसरी म्हणजे त्यांनी स्वतः तयार केलेली 'सुरक्षा जागृती ऑनलाइन चाचणी'. फ्लॅट गळत होता. चाचणीत मात्र तीळभरही दोष नव्हता, असं तिकोन्यांचं मत होतं, आणि चाकणच्या त्यांच्या कारखान्यात हे मत खोडून काढायची कुणाला कधी गरज पडली नव्हती.

कारखान्यात मोटारगाड्यांच्या वायरींच्या जुड्या बनतात. तिथल्या ट्रेनिंग डिपार्टमेंटमध्ये तिकोने बावीस वर्षं होते. डिपार्टमेंट म्हणजे ते स्वतः, एक लोखंडी कपाट आणि एक प्रोजेक्टर. चौदाशे कामगार दरवर्षी त्यांची परीक्षा द्यायचे. पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, प्रत्येक प्रश्नाला अर्धा मिनिट, आणि कोपऱ्यात सेकंद मोजणारं एक गोंडस घड्याळ. घड्याळाची कल्पना तिकोन्यांची. प्लांट हेड एकदा त्याकडे बघून "नाइस" म्हणाले होते, आणि तो दिवस तिकोन्यांना तारखेसकट पाठ होता.

आता या परीक्षेची एक अंदरकी बात सांगायला हवी. तिकोन्यांनी प्रश्न टाइप केले होते ते ऑफिसातल्या जुन्या मराठी फाँटमध्ये. हा फाँट त्यांच्या कॉम्प्युटरवर मराठी दिसायचा आणि दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उंदीर कीबोर्डवरून पळाल्यासारखा दिसायचा. यावर आपल्याकडच्या यच्चयावत कचेऱ्या जो उपाय करतात तोच त्यांनी केला. प्रत्येक प्रश्नाचा आणि प्रत्येक पर्यायाचा फोटो काढला आणि चिकटवला. दिसायला झकास. पण तो मजकूर नव्हता, मजकुराचं चित्र होतं. तीन वर्षं कुणाचं काही अडलं नाही, कारण चौदाशेच्या चौदाशे जण डोळ्यांनी बघत होते.

मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात विजयश्री बिडवे परीक्षेला बसली.

विजयश्री मूळची औशाकडची. भावाबरोबर मोशीला राहायची. जन्मापासून दिसत नव्हतं. कारखान्यात तिचं काम होतं कनेक्टर तपासायचं. वायर कनेक्टरमध्ये पुरती बसली नसेल तर डोळ्यांना ती बसल्यासारखीच दिसते, पण विजयश्रीचं बोट फिरलं की सापडायची. ती आल्यापासून त्या लाइनवरचा माल ग्राहकाकडून परत आला नव्हता. तरी ती अजून ट्रेनीच होती. तीन वर्षांची मुदत एकतीस मार्चला संपत होती. कायम व्हायचं तर सुरक्षेच्या परीक्षेत ऐंशी टक्के हवेत आणि संधी तीन. नाहीतर एकतीसला गेट पास जमा करायचा आणि घरी जायचं.

आदल्या वर्षी लाइन लीडरनं तिच्या वतीनं टिक केल्या होत्या आणि ती पास झाली होती. पण कायम करायची वेळ आली तेव्हा एचआरचे प्रज्वल सर समितीत म्हणाले, परीक्षा तिनं दिलीच कुठे, दुसऱ्यानं दिली. मुद्दा बिनतोड होता. उरलेल्या चौदाशेंच्या परीक्षेचं म्हणाल, तर उत्तरांचा फोटो दर मार्चमध्ये प्रत्येक लाइनच्या ग्रुपवर फिरायचा. क, अ, ड, ब अशी नुसती अक्षरं. प्रश्न वाचायची तसदी कोण घेतो? पण टिक त्यांची ते करायचे, त्यामुळे नियमात बसत होतं.

म्हणून या वर्षी विजयश्रीनं सांगितलं की माझी परीक्षा मीच देणार. तिच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवायची सोय होती. ट्रेनिंग रूममध्ये तिनं लिंक उघडली, फोन कानाशी धरला, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"सर," ती म्हणाली, "हा नुसता बटन बटन म्हणायलाय."

तिकोन्यांनी ऐकलं. फोन म्हणत होता, बटन. बटन. बटन. बटन. पुढे. अर्ध्या मिनिटानं पुढचा प्रश्न आला. बटन, बटन, बटन, बटन. तिकोन्यांनी सुचवलं की अंदाजानं दाब. तिनं दाबलं. पंचवीसपैकी सात आले. परीक्षा तिथेच थांबवायचं त्यांना सुचलं नाही, आणि पहिली संधी गेली. वर सेफ्टीवाल्यांची चिठ्ठी आली की कारखान्यात मोबाइलला बंदी आहे, खुद्द तुमच्याच परीक्षेतला नववा प्रश्न बघा. तेव्हा यापुढे ट्रेनिंग रूमच्या कॉम्प्युटरवर.

तिकोने दुखावले, पण खचले नाहीत. दोन तासांचं काम, असं ते घरी बायकोला म्हणाले. नवऱ्याचं दोन तासांचं काम म्हणजे काय हे दिव्यावहिनींनी बाथरूमच्या नळाच्या वेळी पाहिलं होतं.

रविवारी ते पार्किंगमध्ये स्कूटर काढत असताना उद्धवरावांनी गाठलंच. उद्धवराव मूळचे आकुर्डीचे गाववाले, दुचाकीच्या कंपनीतून रिटायर झालेले, आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात सबंध सोसायटीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. सगळं ऐकून घेऊन त्यांनी निकाल दिला की एवढा घोळ कशापायी, जवळ बसून वाचून दावा की राव. तिकोने म्हणाले, मग ती परीक्षा तिची धरत नाहीत. उद्धवराव म्हणाले, मंग तोंडी घ्या. तोंडीचा फॉर्म नाही, तिकोने म्हणाले. मग उद्धवरावांनी आमच्या टायमाला एक आंधळा व्हता, टेलिफोनवर बसायचा, लई हुशार व्हता, इथून सुरुवात करून तो कसा वारला इथपर्यंत माहिती दिली. त्यात पाऊण तास गेला.

खरी मदत झाली ती अन्वरभाईंची. आकुर्डी स्टेशनजवळ त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यांनी फुकट मिळणारं वाचून दाखवायचं सॉफ्टवेअर तिकोन्यांना दाखवलं आणि समजावलं की साहेब, फोटोला जीभ नसते, सगळं नव्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करा. शिवाय पडदा झाकून एकदा स्वतः परीक्षा देऊन बघा. तिकोन्यांनी पहिला सल्ला घेतला. दुसरा त्यांना किंचित अपमानास्पद वाटला. स्वतःची परीक्षा स्वतः काय द्यायची?

टाइप करायला तीन संध्याकाळी गेल्या. मग कारखान्याच्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर घालायचं. इथे घोडं पेंड खाऊ लागलं. आयटीतला सनी म्हणाला, बाहेरचं सॉफ्टवेअर चालत नाही, फॉर्म भरा. फॉर्मवर सेफ्टीची सही लागत होती. सेफ्टीवाले म्हणाले, ऐकायला हेडफोन लागणार आणि प्लांटमध्ये हेडफोनला मनाई आहे, चौदावा प्रश्न. तिकोन्यांना आपण एवढे प्रश्न का काढले असं प्रथमच वाटलं. शेवटी तोडगा निघाला तो असा, की उमेदवारानं हेडफोन एकाच कानाला लावावा आणि दुसरा कान आगीच्या भोंग्यासाठी मोकळा ठेवावा. यावर चार सह्या झाल्या. हा मोकळा कान लक्षात ठेवा.

बारा मार्चला विजयश्री दुसऱ्यांदा बसली. कॉम्प्युटरनं प्रश्न वाचायला सुरुवात केली आणि तिकोन्यांचा ऊर भरून आला. "रासायनिक द्रव्य एकोणतीस डोळ्यात अठ्ठावीस गेल्यास सत्तावीस," कॉम्प्युटर म्हणाला. ते गोंडस घड्याळ दर सेकंदाला बदलत होतं आणि बदललेलं सगळं वाचून दाखवणं हा त्या सॉफ्टवेअरचा धर्म होता. त्यातून आठव्या प्रश्नात चार चित्रं होती, ज्वलनशील पदार्थाचं चिन्ह ओळखा. तिथे कॉम्प्युटर म्हणाला, चित्र, चित्र, चित्र, चित्र. पंचवीसपैकी अकरा आले.

विजयश्री रडली नाही, ओरडली नाही. हेडफोनची वायर तिनं नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, मला ह्यातलं समदं येतंय. इचारा तुम्ही कुठलंबी."

तिकोन्यांनी विचारलं. तिनं घडाघडा सांगितलं. तीन वर्षं ट्रेनिंगच्या वर्गात ती पुढच्या बाकावर बसून ऐकत होती, बाकीचे मागे बसून मोबाइल बघत होते. आता एक संधी राहिली होती आणि एकोणीस दिवस. तिकोने त्या दिवशी कंपनीच्या बसमधून स्टेशनवर उतरले ते थेट अन्वरभाईंच्या दुकानात गेले आणि म्हणाले, माझे डोळे बांधा.

अन्वरभाईंनी धुतलेला नॅपकिन बांधला. दुकानात चार्जर घ्यायला आलेली माणसं चार्जर विसरून उभी राहिली. ट्रेनिंगमध्ये बावीस वर्षं घालवलेला माणूस आपल्याच प्रश्नांपुढे चाचपडत होता. चौथ्या प्रश्नाला त्यांना घाम फुटला. नवव्याला ते घड्याळाला अशी एक शिवी हासडून गेले, की जी आकुर्डीत चालते पण शेजारच्या सभ्य प्राधिकरणात चालत नाही. निकाल आला, पंचवीसपैकी नऊ. गर्दीतल्या एकानं विचारलं, काका, कुठली भरती आहे? तिकोन्यांनी नॅपकिन सोडला आणि डोळे पुसायला तोच वापरला. बाहेरून ते घामासारखं दिसलं असावं.

त्यानंतर मात्र ते हट्टाला पेटले. घड्याळ काढून टाकलं. पर्यायांच्या आधी प्रश्नाचा क्रमांक ऐकू यावा अशी सोय केली. निवडलेलं उत्तर फक्त हिरवं होऊन भागत नव्हतं, तिथे 'निवडला' असा शब्द आणला. चित्रांखाली वर्णन लिहायचं होतं, तर त्यांनी आगीच्या चित्राखाली 'ज्वलनशील पदार्थाचं चिन्ह' असं लिहून टाकलं. अन्वरभाई म्हणाले, साहेब, हे तर पेपर फोडणं झालं. मग त्यांनी 'चित्र एक, चित्र दोन' लिहिलं, त्यात काहीच कळेना. शेवटी दिव्यावहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, जे दिसतंय तेवढं लिहा. उत्तर लिहू नका." त्रिकोणात जाळ. कवटी आणि खाली दोन हाडं. दोन वाक्यांत प्रश्न सुटला, आणि तो आपल्याला सुटला नाही हे तिकोन्यांना पुढे आठवडाभर बोचत होतं.

या वेळी त्यांनी शहाणपणानं सरावाची वेगळी लिंक केली. विजयश्री बसली, मान डाव्या खांद्याकडे कलती करून ऐकू लागली. ऐकताना तिची मान नेहमीच अशी कलायची. अकरा मिनिटांत पंचवीस प्रश्न. चोवीस बरोबर. तिकोने टाळ्या वाजवणार तेवढ्यात ती म्हणाली की सर, सतरावा माझा चुकला नाही, तुमचा चुकलाय.

सतरावा प्रश्न होता, सहकाऱ्याला विजेचा शॉक बसत असेल तर सर्वांत आधी काय कराल? विजयश्रीनं उत्तर दिलं होतं ब, मेन स्विच बंद करा. तिकोन्यांच्या उत्तरपत्रिकेत होतं अ, त्याला हाताने ओढून बाजूला करा.

तिकोने आधी हसले. मग सुरक्षेचं पुस्तक काढलं. मग खुर्चीत बसले. तीन वर्षांपूर्वी उत्तरं भरताना त्यांचं बोट एक रकाना अलीकडे पडलं होतं. तेव्हापासून दरवर्षी चौदाशे माणसं शॉक लागलेल्या माणसाला हातानं ओढायला लायक असल्याचं प्रमाणपत्र घेत होती, आणि प्रमाणपत्रावर सही तिकोन्यांची होती. एकाही माणसाचं उत्तर वेगळं आलं नव्हतं. इलेक्ट्रिशियन लोकांचंसुद्धा नाही.

आता खरं तर एक अक्षर गुपचूप बदलून मोकळं व्हायचं. दुसरा कुणी असता तर झाला असता. पण तिकोने नियमाचे. परीक्षेला फॉर्म नंबर होता, बदल केला की बदलाचा अर्ज, आणि अर्जात 'बदलाचे कारण' असा रकाना. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'प्रश्न १७ चे उत्तर तीन वर्षे चुकीचे होते. दृष्टिहीन कर्मचारी विजयश्री बिडवे यांनी स्वतः परीक्षा दिल्यामुळे लक्षात आले.' वाचताना त्यांना स्वतःचा प्रामाणिकपणा फार आवडला.

सुरुवातीला कौतुकच झालं. कारखान्यात कामात काही छोटी सुधारणा केली की तिला कायझेन म्हणतात, आणि तिचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो बोर्डावर लागतात. फोटो नसले तर सुधारणा झालेली नसते. 'आधी'चा फोटो कुणी काढला नव्हता. म्हणून प्रज्वल सरांनी विजयश्रीला हेडफोनशिवाय बसवलं आणि जरा उदास व्हायला सांगितलं. ती झाली. मग हेडफोन घालून 'नंतर'चा काढला, त्यात शेजारी तिकोने उभे. नारळ मिळाला, शाल मिळाली, आणि विजयश्रीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

अर्ज मात्र पुढे सरकत सरकत हेड ऑफिसला पोचला. तिथे कुणीतरी बसून हिशेब केला की चौदाशे माणसांचं एकच चुकीचं उत्तर तीन वर्षं येतं म्हणजे कॉपी होते. पुन्हा सगळ्यांची परीक्षा घ्यायची तर लाइनी बंद पडणार, गाड्यांच्या कंपन्या बोंबलणार. म्हणून ठरलं की झालेले निकाल कायम, पण यापुढची प्रत्येक परीक्षा नव्या पोर्टलवर आणि कॅमेऱ्यासमोर. उमेदवार इकडेतिकडे बघायला लागला की इशारा, तीन इशारे झाले की परीक्षा रद्द. प्रश्न तिकोन्यांचेच घेतले, कारण नव्या फाँटमध्ये टाइप केलेले तेवढेच होते. त्या महिन्यात परीक्षा द्यायची राहिली होती फक्त एकाच उमेदवाराची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी नियमात बसवून देतात.

तिकोन्यांनी विजयश्रीकडून पोर्टलवर सराव करून घेतला. सगळं ऐकू येत होतं. सरावाला कॅमेरा नव्हता. कॅमेऱ्याचं त्यांनी विचारलं, तर हेड ऑफिसनं कळवलं की उमेदवारानं समोर बसावं, पुरेसं आहे.

अठ्ठावीस तारखेला सकाळी दहा वाजता विजयश्री ट्रेनिंग रूममध्ये एकटी बसली. दुसरा चेहरा कॅमेऱ्यात आला की परीक्षा रद्द, म्हणून तिकोने काचेच्या दाराबाहेर. परीक्षा सुरू झाली. पहिला प्रश्न, दुसरा, पाचवा. तिची मान नेहमीसारखी कलली, चेहरा खिडकीकडे वळला, आणि पडद्यावर लाल चौकट उमटली. कृपया स्क्रीनकडे पाहा, इशारा एक.

तिकोने वाट बघत राहिले की कॉम्प्युटर आता हे तिला वाचून दाखवेल. कॉम्प्युटर काही बोलला नाही. ती चौकट मजकूर नव्हती. हेड ऑफिसमध्येही कुणीतरी मजकुराचा फोटो काढून चिकटवला होता.

नवव्या प्रश्नाला इशारा दोन. आत जावं तर दुसरा चेहरा. न जावं तर ती मान सरळ करत नाही. प्रज्वल सरांचा फोन लागेना. तिकोने काचेला नाक लावून उभे होते, आणि पडद्यावर त्यांना दिसत होतं की ती भराभर बरोबर उत्तरं देतेय. सोळावा झाला. सतरावा आला. तिनं ब निवडला. मान पुन्हा कलू लागली, आणि बावीस वर्षं नियमानं वागलेल्या तिकोन्यांनी काच ठोकली.

"विजयश्री, समोर बघ!"

चार सह्यांचा तो मोकळा कान. तिनं ऐकलं. कुणी हाक मारली की माणूस जिकडून हाक आली तिकडे वळतो, तशी ती दाराकडे वळली. पुरती वळली आणि विचारलं, "काय झालं सर?"

इशारा तीन. पडदा पांढरा झाला. खाली निकाल आला: सोडवलेले प्रश्न सतरा, बरोबर सतरा, अनुत्तीर्ण, संशयास्पद हालचाल.

पुढचे तीन दिवस तिकोने फिरले. प्रज्वल सरांना वाईट वाटलं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. पण पोर्टल हेड ऑफिसचं, बदलाचा अर्ज टाका, पुढच्या तिमाहीत बघतील. तिकोने म्हणाले, पुढच्या तिमाहीत ती इथे नसेल. प्रज्वल सर म्हणाले, म्हणूनच तर म्हणतो, घाई करण्यात अर्थ नाही. उद्धवरावांनी पार्किंगमध्ये ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्या म्हनलं व्हतं, वाचून दावा." या एका वेळी तिकोन्यांना उद्धवरावांचं काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

एकतीसला विजयश्री गेट पास जमा करायला आली. तिकोने तिला सोडायला गेटपर्यंत निघाले. माझ्यामुळे झालं, असं त्यांनी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, असू द्या सर, तुम्ही हाक तर मारली. ते तिकोन्यांना शिवीपेक्षा जास्त लागलं. नोटीस बोर्डाजवळ आल्यावर, तिथल्या पंख्याचा आवाज ओळखून, ती थांबली.

"सर, आपला फोटो इथंच लावलाय न? काय दिसतंय त्यात?"

जे दिसतंय तेवढं सांगायचं. उत्तर सांगायचं नाही. तिकोने बोर्डासमोर उभे राहिले.

"तू खुर्चीवर बसलीयस. हेडफोन आहे. समोर कॉम्प्युटर. बाजूला मी उभा आहे."

"तुम्ही काय करायलाव?"

"हसतोय."

"आन मी?"

तिकोन्यांनी फोटो प्रथमच नीट पाहिला. खाली कंपनीचा शिक्का होता, प्लांट हेडची सही होती.

"तू दुसरीकडे बघतेयस," ते म्हणाले. "कॅमेऱ्याकडे नाही."

"फोटो तरी पास झाला म्हणायचा," विजयश्री म्हणाली, आणि काठी उघडून गेटकडे चालू लागली.

तिकोन्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी बावीस वर्षांत प्रथमच एक काम फॉर्म न भरता केलं. पिना उपटल्या, फोटो काढला, घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी स्वच्छतेच्या तपासणीत बोर्डावर रिकामी जागा सापडली आणि ट्रेनिंग डिपार्टमेंटचा एक गुण कापला गेला. दुपारपर्यंत तोच फोटो पुन्हा लागला, आधीपेक्षा मोठा.